दोन चंद्रकोरी, मध्ये पूर्णचंद्र

मध्ये एक वर्तुळ आणि त्याच्या दोन्ही अंगांना पाठ टेकवून बसलेल्या दोन चंद्रकोरी. कोरींची टोके बाहेरच्या बाजूला वळलेली. आजच्या पेगन पंथांमध्ये 'त्रिचंद्र' म्हणून ओळखले जाणारे चिन्ह एवढेच असते. डावीकडची कोर शुक्ल पक्षातली, वाढत्या चंद्राची. मधले वर्तुळ पौर्णिमेचे. उजवीकडची कोर कृष्ण पक्षातली, झिजत जाणारी. या तीन कलांना देवीची तीन रूपे जोडलेली आहेत: कुमारी, माता आणि वृद्धा. गळ्यातल्या चांदीच्या पदकावर, पूजेच्या मेजावर, पुरोहितेच्या कपाळपट्टीवर हे चिन्ह दिसते आणि पाहणाऱ्याला ते हजारो वर्षांचे जुने वाटते. प्रत्यक्षात त्याचे सुटे भाग जुने आहेत. त्यांची आजची जुळणी आणि आजचा अर्थ मात्र विसाव्या शतकातला आहे.

'पेगन' हा शब्द लॅटिन 'पागानुस'वरून आला. 'पागुस' म्हणजे खेड्यापाड्यांचा मुलूख, आणि पागानुस म्हणजे तिथला रहिवासी, गावंढळ. रोमन साम्राज्य ख्रिस्ती होत गेले तसा हा शब्द जुन्या देवांना न सोडणाऱ्यांसाठी वापरला जाऊ लागला. म्हणजे मुळात ती दुसऱ्यांनी दिलेली आणि हेटाळणीची ओळख. विसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत निसर्गपूजक पंथ नव्याने उभे राहिले तेव्हा त्यांनी तोच शब्द अभिमानाने उचलला. त्यांतला सर्वांत परिचित पंथ म्हणजे विक्का. इंग्लंड आणि वेल्सच्या 2021च्या जनगणनेत सुमारे 74,000 लोकांनी आपला धर्म पेगन आणि सुमारे 13,000 लोकांनी विक्का असा नोंदवला. त्रिचंद्राचे खरे घर हा विक्का पंथ आणि त्याच्या आसपासचे देवीपूजक गट होत. थोर, ओडिन अशा नॉर्स देवांना भजणारे पेगन सहसा या चिन्हाच्या वाटेला जात नाहीत, कारण त्यांच्या पुराणांत चंद्र हा 'मानी' नावाचा पुरुष आहे.

चंद्र म्हणजे स्त्री, चंद्र म्हणजे देवी, हे समीकरण सार्वत्रिक आहे असे पेगन साहित्यात अनेकदा गृहीत धरलेले असते. ते तसे नाही. मेसोपोटेमियातला नन्ना किंवा सिन हा चंद्रदेव पुरुष होता. उर शहराचे मुख्य दैवत तोच. इजिप्तमधले खोन्सू आणि थोथ हेही पुरुष. सत्तावीस नक्षत्रांशी संसार मांडणारा भारतीय चंद्र तर मराठी वाचकाच्या ओळखीचाच आहे. चंद्राला स्त्री मानणारी धारा ग्रीक आणि रोमन पुराणांतून, सेलीनी आणि लूना या देवतांपासून निघते आणि युरोपीय कवितेतून वाहत आधुनिक काळापर्यंत येते. त्रिचंद्र या एका धारेचे अपत्य आहे.

चिन्हाची मांडणी एका बाबतीत अचूक आहे. उत्तर गोलार्धात वाढत्या चंद्राची उजवी बाजू उजळते आणि उतरत्या चंद्राची डावी. त्यामुळे डावीकडून उजवीकडे वाचले की चिन्हातल्या कोरी आकाशातल्या क्रमानेच येतात आणि दोघींची उजळलेली पाठ मधल्या पूर्णचंद्राला टेकते. ऑस्ट्रेलियात किंवा न्यूझीलंडमध्ये हाच चंद्र उलटा दिसतो. तिथे वाढती कोर डावीकडून भरत येते, आणि तिथल्या आकाशाशी जुळवायचे तर हे चिन्ह उजवीकडून डावीकडे वाचावे लागते. उष्ण कटिबंधात आणखी वेगळे. फाल्गुन-चैत्रातली बिजेची कोर महाराष्ट्रातून पाहिली तर होडीसारखी जवळजवळ आडवी असते, उभी नसते. ब्रिटनच्या अक्षांशावर घडलेल्या या चिन्हात तिथल्या आकाशाचा कोन गोठून राहिला आहे.

या चिन्हाची मुळे किती मागे नेता येतात? काही लेखक थेट हिमयुगापर्यंत जातात. फ्रान्सच्या दोर्दोन्य भागात लोसेल येथे 1911 साली चुनखडीच्या खडकात कोरलेली एक स्त्रीमूर्ती सापडली. ती सुमारे 25,000 वर्षांपूर्वीची आहे. तिच्या उजव्या हातात शिंगासारखी वस्तू असून तिच्यावर तेरा खाचा आहेत. एका वर्षात बारा किंवा तेरा पौर्णिमा येतात, शिंगाचा आकार कोरीसारखा, स्त्रीचा दुसरा हात पोटावर. यावरून ही चंद्राची आणि मासिक चक्राची खूण असावी असा तर्क निघाला. तर्क मोहक आहे. पण तेरा खाचा म्हणजे तेरा चंद्रच, हे सिद्ध करणारे त्या खडकावर दुसरे काही नाही.

पुढच्या काळात कोरीचे चिन्ह ठिकठिकाणी भेटते. मेसोपोटेमियात ती सिनची खूण होती आणि सीमेच्या दगडांवर सूर्याची तबकडी व इश्तार देवीची चांदणी यांच्या शेजारी कोरलेली असे. रोमन मुली दृष्ट लागू नये म्हणून गळ्यात 'लुनुला' नावाचा कोरीच्या आकाराचा ताईत घालत. इजिप्तच्या इसिस देवीच्या मस्तकावरच्या मुकुटाची गोष्ट तर गमतीची आहे. गाईची दोन शिंगे आणि त्यांच्यामध्ये गोल तबकडी असा तो मुकुट पाहून आज अनेकजण त्याला त्रिचंद्राचा पूर्वज समजतात. इजिप्तच्या लोकांसाठी ती तबकडी सूर्याची होती. ग्रीक आणि रोमन भक्तांनी तिला चंद्र मानले, आणि दुसऱ्या शतकातल्या अपुलियसच्या कादंबरीत पौर्णिमेच्या रात्री समुद्रातून प्रकटणारी इसिस कपाळावर चंद्र घेऊनच येते. चिन्हांच्या इतिहासात असे गैरसमज वारंवार घडतात आणि मूळ अर्थापेक्षा जास्त टिकतात.

तीन रूपांचा धागा मात्र हेकाटी या ग्रीक देवीकडे जातो. हेसिअडच्या काव्यात ती झ्यूसने विशेष मान दिलेली देवता आहे. तिथे तिचा चंद्राशी संबंध नाही आणि तिला तीन देहही नाहीत. इ.स.पू. पाचव्या शतकात अल्कामेनीस या शिल्पकाराने अथेन्सच्या अक्रोपोलिसवर तिची पाठीला पाठ लावलेली तीन देहांची मूर्ती घडवली. अशी मूर्ती घडवणारा तो पहिलाच, असे प्रवासी लेखक पॉसेनियस याने नोंदवले आहे. तीन देह कशासाठी, याचे उत्तर आकाशापेक्षा रस्त्यावर सापडते. हेकाटी तिठ्यांची रक्षक होती. जिथे तीन वाटा मिळतात तिथे तिन्हीकडे पाहणारी देवता हवी. रोमन डायनालाही याच कारणाने 'त्रिविया', म्हणजे तीन वाटांची, म्हणत. इ.स.पू. 43च्या एका रोमन दिनारवर नेमी सरोवराकाठच्या डायनाची तिहेरी मूर्ती छापलेली आहे. तीन स्त्रिया शेजारी शेजारी उभ्या.

या मूर्तींकडे नीट पाहिले की एक गोष्ट खटकते, आणि सगळ्या प्रकरणात तीच सर्वांत महत्त्वाची आहे. हेकाटीच्या तिन्ही देहांचे वय सारखेच असते. तिन्ही तरुणी. कोणी आई नाही, कोणी म्हातारी नाही. हेकाटी म्हणजे जख्ख म्हातारी ही कल्पना नंतरची आहे. वयाच्या तीन टप्प्यांचे सर्वांत जवळचे प्राचीन उदाहरण वेगळ्याच देवीचे निघते: स्टिम्फालस येथे हेराची तीन देवळे होती, एक बालिकेचे, एक विवाहितेचे आणि एक नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या विधवा-हेराचे. पॉसेनियसनेच ती हकिगत दिली आहे. पण तिथे चंद्राचा उल्लेख नाही.

तीन रूपे आणि चंद्राच्या कला यांची सांगड प्राचीन काळाच्या उत्तरार्धात बसली, आणि ती पुजाऱ्यांपेक्षा पंडितांनी बसवली. तिसऱ्या शतकातला तत्त्वज्ञ पॉर्फिरी याने हेकाटी म्हणजे बदलत्या कलांचा चंद्र आणि तिचे त्रिविध रूप म्हणजे त्या कला, असा अर्थ लावला. व्हर्जिलच्या महाकाव्यावर टीका लिहिणाऱ्या सर्व्हियसने लुसिना, डायना आणि हेकाटी ही एकाच शक्तीची तीन नावे ठरवून त्यांना जन्म, जीवन आणि मृत्यू यांच्याशी जोडले. इजिप्तमध्ये सापडलेल्या ग्रीक मंत्रांच्या पपायरसांतही सेलीनी, आर्टेमिस आणि हेकाटी एकमेकींत मिसळून जातात. एवढी सामग्री तयार होती. तिच्यापासून कोणी दोन कोरी आणि एक वर्तुळ असे चिन्ह तेव्हा केले नाही.

चंद्र आणि जादू यांचा संबंध मात्र लोकांच्या तोंडी पक्का होता. ग्रीसमधल्या थेसली प्रांतातल्या चेटकिणी मंत्राने चंद्र खाली ओढतात अशी ख्याती होती. इ.स.पू. 423मध्ये रंगमंचावर आलेल्या ॲरिस्टोफेनीसच्या 'ढग' या नाटकातला कर्जबाजारी म्हातारा त्यावरून एक अफलातून युक्ती काढतो. व्याज महिन्याच्या शेवटी द्यावे लागते आणि महिना चंद्रावर मोजतात; तेव्हा थेसलीची एक चेटकीण विकत घ्यावी, तिच्याकडून चंद्र उतरवून पेटीत बंद करून ठेवावा, म्हणजे महिना संपायचाच नाही आणि सावकार हात चोळत बसेल! प्लूटार्कने अग्लाओनिकी नावाच्या थेसलीच्या स्त्रीबद्दल लिहिले आहे की तिला ग्रहणांचे गणित येत होते आणि चंद्र आपणच उतरवतो असे ती इतर बायकांना पटवत असे. 'चंद्र उतरवणे' हा शब्दप्रयोग पुढे विक्का पंथाच्या मुख्य विधीचे नाव बनला.

ख्रिस्ती युरोपात डायना आणि हेकाटी कवींच्या आणि चित्रकारांच्या आश्रयाने तगल्या. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजी कवी शहरी धुराला कंटाळून रान, रात्र आणि चंद्र यांच्याकडे वळले. कीट्सने 1818 साली चंद्रदेवीच्या प्रियकरावर 'एंडिमिअन' हे दीर्घकाव्य लिहिले. पूर्वी डायना शिकारीची आणि कौमार्याची देवता होती, ती आता रात्रीची आणि रानाची सम्राज्ञी झाली. 1899मध्ये चार्ल्स लेलंड या अमेरिकन लोकसाहित्य संग्राहकाने 'अराडिया' हे पुस्तक प्रसिद्ध केले. इटलीतल्या टस्कनी भागातल्या चेटकिणींकडून मिळालेली ही परंपरा आहे, असा त्याचा दावा होता. त्यात डायनाची मुलगी अराडिया ही भक्तांना महिन्यातून एकदा, पौर्णिमेला, निर्जन जागी जमायला सांगते. पुस्तकाच्या अस्सलपणाबद्दल अभ्यासकांचे एकमत नाही. पण पुढच्या पेगनांनी त्याचा भरपूर उपयोग केला.

केंब्रिजच्या जेन हॅरिसन यांनी 1903च्या ग्रीक धर्मावरील ग्रंथात ग्रीक देवींच्या जोड्या आणि त्रिकुटे यांच्याकडे लक्ष वेधले आणि कुमारी व माता ही एकाच स्त्रीच्या आयुष्याची दोन रूपे म्हणून वाचली. खरी उडी मात्र रॉबर्ट ग्रेव्ह्ज या कवीने मारली. 1948मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द व्हाइट गॉडेस' या ग्रंथात त्याने मांडले की प्राचीन युरोपात एकच त्रिरूपी चंद्रदेवी पुजली जात होती आणि खरी कविता म्हणजे तिचीच स्तुती. बीजेचा चंद्र ही जन्माची आणि वाढीची शुभ्र देवी, पौर्णिमा ही प्रेमाची आणि युद्धाची लाल देवी, उतरता चंद्र ही मृत्यूची आणि भविष्यकथनाची काळी देवी. 1955च्या ग्रीक पुराणकथांवरील त्याच्या लोकप्रिय पुस्तकाने हीच चौकट घरोघरी पोचवली. ग्रेव्ह्ज इतिहासकार नव्हता. वेल्श कविता, झाडांची नावे, ग्रीक दंतकथा असे जे हाती आले ते त्याने कवीच्या हक्काने एकत्र विणले, आणि अभ्यासकांनी त्याच्या पुराव्यांचे वाभाडे काढले. तरीही धर्मसंस्थापक नसलेल्या माणसाच्या पुस्तकातून धर्माला त्याची मुख्य देवता मिळावी, हे विलक्षण आहे.

तो धर्म, म्हणजे विक्का, त्याच सुमारास आकार घेत होता. जेराल्ड गार्डनर हा सिलोन आणि मलायात मळ्यांवर आणि नंतर सरकारी जकात खात्यात आयुष्य घालवून 1936 साली इंग्लंडला परतलेला गृहस्थ. आपल्याला 1939मध्ये इंग्लंडच्या दक्षिणेकडील न्यू फॉरेस्ट भागात एका जुन्या चेटूकपंथाची दीक्षा मिळाली, असे तो सांगत असे. 1735चा चेटूकविरोधी कायदा 1951 साली रद्द झाला आणि 1954मध्ये गार्डनरने 'विचक्राफ्ट टुडे' हे पुस्तक प्रसिद्ध करून पंथ उघड केला. मराठीत 'चेटकीण' म्हटले की जी आकृती डोळ्यांपुढे येते तिचा इथे संबंध नाही. विक्कामध्ये हा शब्द साधक-साधिकेसाठी आदराने वापरतात. पंथात दोन दैवते होती, चंद्राची देवी आणि शिंगे असलेला देव. 1953मध्ये दीक्षा घेतलेल्या डोरीन व्हॅलिएंटी यांनी पंथाच्या उपासनाग्रंथातली बरीच रचना नव्याने लिहिली. देवीच्या तोंडचे जे निवेदन आजही पौर्णिमेच्या विधीत म्हटले जाते त्याला त्यांनीच आजचे रूप दिले, आणि त्यातला पौर्णिमेला जमण्याचा आदेश लेलंडच्या 'अराडिया'तून आलेला आहे.

त्रिचंद्राचा सर्वांत जवळचा पूर्वज गार्डनरच्या परंपरेतल्या एका उपकरणावर सापडतो. 'पेंटॅकल' नावाच्या धातूच्या तबकडीवर पंचकोनी चांदणीबरोबर इतर खुणा कोरलेल्या असतात. देवासाठी वर्तुळावर दोन शिंगे, आणि देवीसाठी वाढती व उतरती अशा पाठीला पाठ लावलेल्या दोन कोरी. त्या दोन कोरींच्या मध्ये पौर्णिमेचे वर्तुळ बसवले की त्रिचंद्र तयार! वर्तुळावर आडवी कोर ठेवली की देव होतो आणि वर्तुळाच्या दोन बाजूंना उभ्या कोरी लावल्या की देवी. सगळा खेळ या दोन आकारांचा आहे.

चिन्हाला आजची लोकप्रियता मिळाली ती 1970च्या दशकात, आणि त्यामागे अमेरिकेतली स्त्रीवादी चळवळ होती. 1971मध्ये झुझाना बुडापेस्ट यांनी लॉस एंजलिसमध्ये केवळ स्त्रियांचा उपासनागट स्थापला. 1979 साली स्टारहॉक यांचे 'द स्पायरल डान्स' आणि मार्गो ॲडलर यांचे 'ड्रॉइंग डाउन द मून' ही दोन पुस्तके आली आणि देवीपूजा गुप्त गटांच्या बाहेर पडली. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या पुरुषी त्रयीत वाढलेल्या बायकांना कुमारी, माता, वृद्धा ही त्रयी आपली वाटली. विशेषतः वृद्धेचे स्थान महत्त्वाचे ठरले. तारुण्य ओसरलेली बाई जिथे जाहिरातींतून आणि पडद्यावरून नाहीशी होते त्या समाजात पांढऱ्या केसांना देवीचे रूप मिळाले. रजोनिवृत्तीनंतर स्त्रीला 'वृद्धा' म्हणून समारंभाने मान देण्याची प्रथा काही गटांत पडली ती यातूनच.

प्रत्यक्ष उपासनेत हे चिन्ह एक प्रकारचे पंचांग असते. चंद्राचा एक फेरा सरासरी साडेएकोणतीस दिवसांचा. शुक्ल पक्षात सुरुवातीची, वाढीची कामे: नवे शिक्षण, नवा व्यवसाय, पेरणी. पौर्णिमेला गटाची बैठक. तिला 'एसबॅट' म्हणतात, आणि हा शब्द मार्गारेट मरे या संशोधिकेच्या लेखनातून पंथात आला. याच बैठकीत पुरोहितेवर 'चंद्र उतरवतात', म्हणजे देवीचे आवाहन करतात, आणि ती काही वेळ देवीच्या वतीने बोलते. अंगात येण्याची रीत माहीत असलेल्या वाचकाला यात फार अनोळखी काही वाटू नये. कृष्ण पक्ष सोडून देण्याचा: सवय, दुखणे, जुना राग. धातू चांदी, दगड चंद्रकांत, रंग ग्रेव्ह्जचेच, पांढरा, लाल आणि काळा.

चिन्हावरची टीका बाहेरून आली तशी आतूनही आली. ब्रिटिश इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी 1999च्या 'द ट्रायम्फ ऑफ द मून' या ग्रंथात विक्काची आधुनिक जडणघडण कागदोपत्री दाखवून दिली, आणि बऱ्याच पेगनांनी ती स्वीकारली. चिन्ह नवे असल्याने उपासना खोटी ठरत नाही, अशी त्यांची भूमिका असते. दुसरा आक्षेप स्त्रियांचा आहे. बाईचे आयुष्य मूल होण्याआधीचे, मूल होण्याचे आणि त्यानंतरचे असे गर्भाशयाच्या मापाने का कापायचे? जिला मूल नाही ती या चिन्हात कुठे बसते? आई आणि वृद्धा यांच्यामध्ये कर्त्या वयाचा चौथा टप्पा घालावा असे काहीजणी सुचवतात, पण चिन्हात त्याला जागा करणे जमलेले नाही.

चौथी जागा खरे तर चंद्राकडे आहेच. तीन कला दाखवणाऱ्या चिन्हात अमावास्या नाही, आणि न दिसणारा चंद्र काढणार कसा, हा प्रश्न रास्त आहे. वैदिक परंपरेने तो चित्राऐवजी नावांनी सोडवला. पौर्णिमेच्या दोन देवता, एक कला उणी असलेली अनुमती आणि पूर्णचंद्राची राका. अमावास्येच्याही दोन, चंद्राची पुसट रेघ दिसणारी सिनीवाली आणि पूर्ण अंधाराची कुहू. राका आणि सिनीवाली ऋग्वेदातही येतात. चंद्र पुरुष असलेल्या परंपरेत त्याच्या तिथी मात्र स्त्रिया आहेत. पेगन चिन्हाशी त्यांचा ऐतिहासिक संबंध नाही. निरीक्षण तेच, मांडणी वेगळी.

काही पेगन अमावास्येला वेगळा, शांत विधी करतात आणि ती रात्र हेकाटीची मानतात. इथे ते नकळत नव्हे, तर ग्रीक ग्रंथ वाचूनच जुन्या वाटेवर आले आहेत. अथेन्समध्ये महिन्याच्या शेवटच्या, चंद्र नसलेल्या रात्री हेकाटीचे 'जेवण' तिठ्यावर ठेवीत. अमावास्येला तिठ्यावर ठेवलेला उतारा ओलांडू नये, असे बजावले जाणाऱ्या मराठी मुलाला हे चित्र लगेच कळेल. अथेन्सची गरीब माणसे मात्र तेवढी घाबरत नसत. ॲरिस्टोफेनीसच्या 'प्लूटस' नाटकात तक्रार आहे की श्रीमंतांनी हेकाटीसाठी ताट खाली ठेवायच्या आत भुकेले लोक ते पळवतात.